दहाव्याच्या आधी

दहाव्याच्या दिवशी नदीकाठी पिंड ठेवून माणसं बाजूला उभी राहतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा पटकन शिवला तर सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात. नाही शिवला की कुजबुज सुरू होते, 'काहीतरी राहिलंय त्यांचं.' मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि मोठ्यानं सांगू लागतो. धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू. बांधाचा वाद मिटवू. आईला अंतर देणार नाही. तरीही कावळा येईना, तर शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि मंडळी घरी परततात.

या श्रद्धेशी मला वाद घालायचा नाही. गेलेल्या माणसाची इच्छा अपुरी राहू नये, एवढी काळजी करणारा समाज मला आपला वाटतो. पण त्या घाटावर एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांनी त्या माणसाबरोबर तीस-चाळीस वर्षं एका छपराखाली काढली, ती माणसं अंदाज बांधत असतात. आणि त्यांचे सगळे अंदाज कर्तव्यांचे असतात: लग्न, जमीन, कर्ज, म्हातारी आई. 'तुम्हाला पेटी शिकायची होती', 'तुम्हाला एकदा कन्याकुमारीला जायचं होतं', असं कुणी म्हणत नाही. कारण ते कुणाला ठाऊकच नसतं. कधी कधी गेलेल्या माणसालाही ते पुरतं ठाऊक नव्हतं.

म्हणून मी 'बकेट लिस्ट' या सध्याच्या चलनी कल्पनेच्या बाजूनं उभा आहे. माणसानं आयुष्यात करायच्या राहिलेल्या गोष्टींची यादी करावी, ती कागदावर लिहावी आणि घरातल्या निदान एका माणसाला वाचायला द्यावी. यातली शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. माझ्या मते यादीचा सर्वांत मोठा फायदा त्याच पायरीत आहे.

हा शब्द जगभर पसरला तो 2007 साली आलेल्या त्याच नावाच्या हॉलिवूडपटामुळे. त्यात मॉर्गन फ्रीमन आणि जॅक निकल्सन यांनी रंगवलेले दोन आजारी म्हातारे मरणाआधी जग पालथं घालायला निघतात. आपल्याकडे 2018 मध्ये 'बकेट लिस्ट' हा मराठी चित्रपट आला, माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट. त्यातल्या मधुरा साने या गृहिणीवर हृदयप्रत्यारोपण होतं. ज्या तरुण मुलीचं हृदय तिला मिळालं, त्या मुलीनं लिहून ठेवलेली यादी तिच्या हाती लागते आणि ती यादी पुरी करायची असं मधुरा ठरवते. मला हॉलिवूडपटापेक्षा ही कथा जास्त खोलवर भिडते, ती एका साध्या कारणानं. विशीतल्या मुलीची यादी होती म्हणून तिच्यामागे कुणीतरी ती हातात घेऊ शकलं. अन् संसारात मुरलेल्या बाईला स्वतःच्या मनाकडे बघायला आधी दुसरीची यादी वाचावी लागली.

आपल्या घरांतलं चित्र फार वेगळं नाही. घरातल्या बाईला 'तुला काय हवं?' असं विचारा. 'मला काही नको, तुमचं सगळं नीट होऊ दे,' हे उत्तर जिभेवर तयार असतं. विचारणाऱ्यालाही ते उत्तर सोयीचं असतं, म्हणून तो दुसऱ्यांदा विचारत नाही. बाईला काय हवंय हे अख्ख्या घरादारानं आवर्जून विचारायची वेळ आपल्या रीतीत एकदाच येते, तिला डोहाळे लागतात तेव्हा. तेव्हा चिंचा, आवळे, चांदण्यातलं जेवण, सगळं पुरवलं जातं. पण तेही पोटातल्या बाळासाठी. त्यानंतर इच्छा विचारली जाते ती थेट दहाव्याला. मधल्या पन्नास वर्षांत ती न बोलायची सवय इतकी हाडीमाशी खिळते, की पुढे खरोखरच काही सुचेनासं होतं. इच्छेला नाव दिलं नाही, तर ती विझतेच असं नाही. ती नुसती एक रुखरुख होऊन राहते आणि भलत्याच ठिकाणी, भाजीत मीठ कमी पडल्यावर किंवा सुनेच्या प्रवासाची बातमी ऐकल्यावर, बाहेर पडते.

एकदा का इच्छेला शब्द मिळाले की काय होऊ शकतं, याचं उदाहरण ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं 8 मार्च 2016 रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन तिथे बसू लागल्या. बालपणी शेतात राबलेल्या, भावंडं सांभाळलेल्या या बायका जन्मभर अंगठा उमटवत आल्या होत्या. आपल्यालाही वाचता यायला हवं होतं, ही हळहळ त्यांच्या तोंडून बाहेर पडली आणि ती ऐकणाऱ्या माणसानं ती मनावर घेतली, म्हणून हे घडलं. या शाळेला ना मोठा निधी लागला, ना मोठी इमारत. अक्षर ओळखायची इच्छा त्या बायकांच्या मनात साठ-साठ वर्षं होती. ती बोलली गेली नसती तर तिच्यापर्यंत कुणी पोचलं नसतं.

यादी ही श्रीमंतांची चैन आहे, या आक्षेपाला मला या आज्यांपेक्षा चांगलं उत्तर सापडत नाही. पैसा लागणाऱ्या इच्छा असतात, पुष्कळ असतात. पण माणसाला मनापासून लिहायला बसवलं, तर पहिल्या पाच-सहा मोठ्या प्रवासांनंतर जे उतरू लागतं ते वेगळंच असतं. सायकल शिकायची. माहेरच्या विहिरीत पुन्हा एकदा पोहायचं. पंधरा वर्षं अबोला असलेल्या भावाच्या घरी जाऊन जेवायचं. आजोबांच्या हातचे कागद मोडीतून वाचून घ्यायचे.

कागदावर कशासाठी, मनात ठेवली तर काय बिघडलं? बिघडतं ते असं. जी गोष्ट कधीही करता येते असं वाटतं, ती आपण करत नाही. सुझान शू आणि अयलेट नीझी या दोन अमेरिकी संशोधकांनी 2010 साली हे नेमकं दाखवून दिलं. त्यांनी लोकांना खाद्यपदार्थांच्या दुकानाची भेटकुपनं दिली, काहींना तीन आठवड्यांच्या मुदतीची, काहींना दोन महिन्यांची. जास्त मुदतवाल्यांना आपण कुपन नक्की वापरू याची खात्री जास्त होती, पण प्रत्यक्षात ते वापरलं कमी मुदतवाल्यांनीच जास्त. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. शहरात वर्षभर राहणाऱ्यांपेक्षा दोन-तीन आठवड्यांसाठी आलेल्या पाहुण्यांनी तिथली प्रेक्षणीय स्थळं जास्त पाहिलेली असतात. आणि स्थानिक माणसं ती पाहतात तीही शहर सोडून जायची वेळ आली की.

मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत, लोकलच्या तिकिटाच्या अंतरावर. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 साली लोकांसाठी उघडलं. त्या परिसरात जन्म काढलेल्या किती जणांनी ते आतून पाहिलं असेल? जवळ आहे, म्हणून राहून जातं. लांबच्या काशीला माणूस जातो, कारण तिकीट काढावं लागतं, रजा टाकावी लागते, तारीख ठरवावी लागते.

तारखेची ही ताकद आपल्या परंपरेनं फार पूर्वी ओळखली होती. ज्येष्ठ वद्य सप्तमीला तुकोबांची पालखी देहूहून निघते, अष्टमीला ज्ञानोबांची आळंदीहून. पेरणी झाली की नाही, मुलीचं बाळंतपण कधी, गुडघा दुखतो की थांबला, यातल्या कशासाठीही तिथी थांबत नाही. म्हणूनच एरवी प्रत्येक गोष्ट उद्यावर ढकलणारा माणूसही वारीला वेळेवर हजर असतो. नुसतं 'एकदा पंढरपूरला चालत जाईन म्हणतो' असं म्हणणारे मात्र म्हणतच राहतात. व्यक्तिगत यादीला पंचांगाचा हा आधार नसतो. तो आपण स्वतः द्यायचा असतो. ज्या ओळीपुढे महिना लिहिलेला नाही, ती ओळ मी अजून अर्धवट लिहिलेली समजतो.

लिहिण्याचा आणखी एक फायदा 2011 मध्ये मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या संशोधकांच्या प्रयोगांतून समोर आला. पुऱ्या न झालेल्या गोष्टी दुसरं काही वाचताना, करताना मध्येच डोकं वर काढतात. पण त्या कधी, कुठे, कशा करायच्या याचा नेमका बेत आखला, की गोष्ट पुरी होण्याआधीच त्यांचा त्रास ओसरतो. मनाला पूर्तीइतकीच हमी हवी असते, असं यातून दिसतं.

आता पश्चात्तापाविषयी. कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी नव्वदीच्या दशकात या विषयावर जे काम केलं, ते मला बकेट लिस्टच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा वाटतं. नुकत्याच घडलेल्या गोष्टींत माणसाला केलेलं जास्त बोचतं. मागे वळून सगळं आयुष्य पाहताना मात्र न केलेलं जास्त बोचतं. असं का होतं, याची त्यांनी दिलेली कारणं विचार करण्यासारखी आहेत. चूक केली तर आपण ती निस्तरतो, माफी मागतो, त्यातून काहीतरी शिकलो अशी मनाची समजूत घालतो. न केलेल्या गोष्टीचं तसं काही करता येत नाही, तिचा शेवटच झालेला नसतो. शिवाय ज्या कारणांनी तेव्हा पाऊल उचललं नाही, ती कारणं वर्षं जातात तशी लहान दिसू लागतात. तेव्हाची भीती आता आठवत नाही, तेव्हाची पैशाची ओढाताण आठवत नाही. उरतो तो एवढाच प्रश्न, की 'का नाही केलं?' यादी हा प्रश्न विसाव्या-तिसाव्या वर्षीच विचारते, उत्तर द्यायला हातात दिवस असताना.

जॉन गोडार्ड या अमेरिकी मुलानं 1940 साली अशीच यादी केली. पंधरा वर्षांचा असताना त्यानं घरच्या एका परिचिताला 'तुझ्या वयाचा असतो तर' असं म्हणताना ऐकलं, आणि वही घेऊन आयुष्यात करायच्या 127 गोष्टी लिहिल्या. पुढे त्यानं दोन साथीदारांसह लहानशा होड्यांतून नाईल नदीचा प्रवास केला. हे सगळे सांगतात. त्या यादीत मिनिटाला पन्नास शब्द टंकलेखन करणं होतं, वाद्यं वाजवायला शिकणं होतं, हे कमी लोक सांगतात. त्यात एव्हरेस्ट होतं आणि चंद्रावर जाणंही होतं. ही दोन्ही राहिली. 2013 साली तो वारला तेव्हा शंभरहून जास्त गोष्टी झालेल्या होत्या, आणि अपुऱ्या राहिलेल्या गोष्टींनी त्याचं आयुष्य उणं झालं असं त्याचं चरित्र वाचून वाटत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात मरण नव्हतं. मोठ्या माणसाच्या आवाजातली हळहळ तेवढी त्यानं ऐकली होती.

यावर आपल्याकडचा सर्वांत जुना आणि वजनदार आक्षेप म्हणजे संतोषाचा. वासना हेच दुःखाचं मूळ, मग त्यांची यादी कसली करता? या आक्षेपाला मी मान देतो, कारण तो साध्यासुध्या लोकांनी मांडलेला नाही. पण समाधान हे इच्छेकडे नीट पाहून तिला खाली ठेवणाऱ्याचं असतं. जिच्याकडे कधी पाहिलंच नाही, ती इच्छा सोडली असं कसं म्हणायचं? यादी लिहून वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा वाचली, तर तिच्यातल्या कितीतरी ओळी नकोशा झालेल्या असतात. त्या मनात होत्या तोवर जाणवत होत्या, कागदावर आल्या आणि त्यांचा पोकळपणा दिसला. त्यांवर शांतपणे काट मारणं, हाही वासनेपासून सुटण्याचाच मार्ग आहे.

आणि न पाहिलेल्या इच्छा कुठे जातात, तेही पाहावं. महाराष्ट्रात त्या बहुतेक वेळा मुलांकडे जातात. बापाला डॉक्टर व्हायचं होतं, परिस्थितीनं होता आलं नाही. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही, त्याचं दुःखही केलं नाही. मग दहावीच्या निकालानंतर मुलाची वही-पुस्तकं, गादी, बादली घेऊन तो लातूरला किंवा कोट्याला सोडायला जातो. मुलाला काय हवं हा प्रश्न त्या घरात उमटत नाही, कारण बापाला काय हवं होतं हाच प्रश्न तिथे कधी उमटला नव्हता. आईला नाचता आलं नाही म्हणून मुलगी शनिवार-रविवार नृत्याच्या वर्गात. ज्या आई-बापांनी 'हे माझं राहिलं, आणि ते मी माझ्या परीनं करणार' असं लिहिलं असेल, त्यांच्या मुलांच्या डोक्यावरचं ओझं नक्की हलकं होईल. चाळिशीतल्या आईनं स्वतः भरतनाट्यमच्या वर्गाला नाव घातलं, तर मुलीला फुटबॉल खेळता येईल. माझ्या दृष्टीनं यादीचा हा सामाजिक फायदा व्यक्तिगत फायद्याहून मोठा आहे.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. 'मरण्यापूर्वी पाहायलाच हव्यात' अशा जागांची पुस्तकं, पर्यटन कंपन्यांच्या जाहिराती, फोनवर फिरणाऱ्या याद्या, यांनी हजारो माणसांना एकाच रांगेत उभं केलं आहे. 2019 च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखराजवळची गिर्यारोहकांची रांग सगळ्या जगानं छायाचित्रात पाहिली. त्या मोसमात तिथे अकरा माणसं दगावली. साताऱ्याजवळचं कास पठार 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत आलं आणि फुलांच्या हंगामात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. शेवटी पर्यटकांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. जी फुलं जगावीत म्हणून ती जागा वारसा ठरली, ती पायांखाली येऊ लागली होती. बाजारातली यादी दुसऱ्यानं लिहिलेली असते, आपण फक्त खूण करत जातो. आपल्या जुन्या अष्टविनायकाचंही दीड-दोन दिवसांच्या बसप्रवासात हेच झालं आहे. मोरगावला गाडीतून उतरायचं, दर्शन घ्यायचं, घड्याळ पाहायचं आणि पुढच्या गणपतीकडे पळायचं. म्हणून व्यक्तिगत यादी दुसऱ्या कुणाच्याही यादीवरून उतरवू नये. ती लिहायला वेळ लागतो, आणि तो लागू द्यावा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आजारपणाचा. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉ. व्ही. जे. पेरियाकोइल यांनी तीन हजारांहून अधिक लोकांना त्यांच्या बकेट लिस्टबद्दल विचारलं. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दहापैकी नऊ जणांकडे अशी यादी होती. पेरियाकोइल यांची शिफारस अशी की डॉक्टरांनी गंभीर आजाराच्या रुग्णाला ही यादी विचारावी आणि तिच्याशी जुळवून उपचार ठरवावेत. हे ऐकायला नाजूक वाटतं, पण त्यामागचं गणित रोखठोक आहे. केमोथेरपी आज सुरू केली की पुढचे काही महिने प्रवास नाही. नातीचं लग्न तीन आठवड्यांवर असेल, तर काही रुग्णांच्या बाबतीत उपचार थोडे पुढे ढकलता येतात, काहींच्या बाबतीत नाही. पण रुग्णाला काय करायचंय हे ठाऊकच नसेल, तर डॉक्टर हा प्रश्न मांडणार कसा? आपल्याकडे तर रिपोर्ट मुलाच्या हातात, चर्चा मुलाशी, आणि ज्याचा आजार आहे त्याला 'काही नाही हो, थोडी सूज आहे' एवढंच सांगितलं जातं. त्याला वाचवायच्या धडपडीत त्याचे शेवटचे धड दिवस कशात गेले, हे नंतर कळतं.

सर्वोच्च न्यायालयानं 9 मार्च 2018 च्या निकालात माणसाला आपलं वैद्यकीय इच्छापत्र करण्याचा हक्क दिला आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. कृत्रिम उपायांनी आपला जीव लांबवू नये, असं माणूस त्यात आधीच लिहून ठेवू शकतो. ते जरूर करावं. पण काय नको हे सांगणारा कागद जर कायद्यानं मानला आहे, तर काय हवं हे सांगणारा कागदही त्याच पाकिटात असावा.

आणि काय हवं असतं माणसाला शेवटी? नेदरलँड्समधले रुग्णवाहिकाचालक केस फेल्डबूर 2006 साली एका मरणोन्मुख रुग्णाला एका रुग्णालयातून दुसऱ्यात नेत होते. मध्ये थोडा वेळ मोकळा मिळाला. कुठे जाऊ या, असं त्यांनी सहज विचारलं. रुग्णानं रोटरडॅम बंदरापाशी न्यायला सांगितलं. त्या माणसाला पुन्हा एकदा जहाजं पाहायची होती. त्यातून अशा रुग्णांना स्ट्रेचरवरून हव्या त्या ठिकाणी नेणारी संस्था 2007 मध्ये उभी राहिली आणि तिनं हजारो लोकांच्या इच्छा पुऱ्या केल्या. त्यांतल्या बहुतेक इच्छा जवळच्याच होत्या: समुद्र, स्वतःचं घर, एखादं आवडतं चित्र. एका चालकानं एक प्रश्न विचारला आणि रुग्णाकडे उत्तर तयार होतं, इतकंच घडलं.

म्हणून यादीचा क्रम लावताना मी एकच आग्रह धरीन. ज्या गोष्टीसाठी अमुक एक माणूस हवा, ती आधी. हंपीचे दगड पुढच्या वर्षीही तिथेच असतील. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या पुढच्या वर्षी ऐकायला मिळतील याची खात्री नाही. ज्या मास्तरांनी शिकवलं त्यांना भेटायला जाणं, वडिलांबरोबर त्यांच्या जन्मगावी एक रात्र राहणं, या ओळी वर हव्यात. त्यानंतर ज्यांना गुडघे आणि छाती लागते त्या गोष्टी. बाकीच्या खाली गेल्या तरी चालतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांची यादी त्यांच्याकडून काढून घ्यायची असेल, तर 'तुम्हाला काय हवंय?' असं विचारू नये. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. 'कुठे जायचं राहिलं?', 'कुणाला भेटायचं राहिलं?' असं विचारावं. या प्रश्नाला माणसं नावं घेऊन उत्तरं देतात: चिपळूणची मैत्रीण, पहिल्या नोकरीचं गाव, कुलस्वामिनीची अपुरी राहिलेली ओटी. आणि त्यातलं पुष्कळसं एसटीच्या टप्प्यात असतं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं तिकीट, आणि मार्च 2023 पासून सगळ्याच बायकांनाही अर्धं. तेव्हा खर्चाची सबब फार काळ टिकणार नाही. बरोबर जाणारं कुणीतरी हवं, आणि त्याच्या रजेचा अर्ज याच आठवड्यात जायला हवा.